रूबेनभाऊंचं आमेन

बिबट्याने शेळी नेली की वनखात्याला कळायच्या आधी मला फोन येतो.

"मास्तर, ऐकलं का? महाळुंग्यात गोठ्यातनं शेळी उचलली. तुमचा मशिहा येऊन गेलाय म्हणता ना? मंग बिबट्याला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

हे रूबेनभाऊ. निरगुडसरच्या फाट्यावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. ते यहुदी, बेने इस्रायल. मूळ घराणं कोकणातलं, पण वाढले इथेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा इस्रायलमध्ये असतो. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतला एक वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक.

आमच्या मंडळीत सगळे सांगायचे की रूबेनभाऊ ख्रिस्ती झाले. ते झालेले नाहीत. ही समजूत माझ्या डोळ्यांदेखत वाढली, म्हणून हे लिहितो आहे.

मशिहाच्या काळात चित्ता करडाशेजारी निजेल, असं यशया संदेष्ट्याने सांगून ठेवलं आहे. हे वचन त्यांना आणि आम्हाला सारखंच मान्य. रूबेनभाऊंनी ते आमच्या उसाच्या पट्ट्याला लावलं. "चित्ता म्हंजी आपला बिबट्याच की. तो शेळीजवळ निजला की फोन करा, मी दुकान बंद करून येतो."

दुकान ते तसंही दर शनिवारी बंद ठेवतात. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, कुणाला कळत नाही. शेतकरी समजतात, माणूस मारुतीचा भक्त आहे. एकाने तर मोटर दुरुस्त झाल्याच्या आनंदात त्यांना शेंदराची पुडी आणून दिली होती. त्यांनी ती अजून जपून ठेवली आहे.

दुसरी खोड चहाची. दुकानात अनोळखी माणूस आला की आधी चहा, मग नाव. मशिहाच्या आधी एलियाहू हनबी, म्हणजे एलिया संदेष्टा येणार, आणि तो वेष बदलून हिंडतो, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. त्यामुळे विमा एजंट, वॉटर फिल्टर विकणारे आणि वाट चुकलेले ड्रायव्हर, सगळे तिथे चहा पिऊन जातात. "कुणाच्या रूपात येईल, सांगता येत न्हाई. या पावणं, बसा."

वाद मात्र माझ्याशीच. मी म्हणायचो, "ख्रिस्त पहिल्यांदा दुःख सोसायला आला. राज्य करायला पुन्हा येणार आहे."

"म्हंजी अर्ध्यावर सोडून गेला. मी अर्धी तार भरून मोटर परत दिली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"विसार दिलाय, रूबेनभाऊ. पवित्र आत्मा हा विसार आहे."

"विसार देऊन दोन हजार वर्सं गिऱ्हाईक फिरकलं न्हाई तर आमी माल दुसऱ्याला देतो, राव."

आपल्या लोकांनाही ते सोडत नसत. "आमी बी लई फसलो. रोमनांच्या राज्यात एकाला मशिहा म्हणून तलवार दिली, तर व्हतं तेवढं बी गेलं. पुढं दुसऱ्याच्या नादानं लोकांनी घरंदारं विकली, आन तो गडी सुलतानाला भिऊन धर्म बदलून मोकळा. तवापास्नं आमी नीट तपासून घेतो. आता माझा मेव्हणा म्हणतो, मशिहा म्हंजी माणूस न्हाई, चांगला काळ. पोरगं म्हणतं, आपला देश झाला हीच सुरुवात. मी म्हणतो, येऊ तर द्या, मंग बघू."

मी ख्रिस्ताला मशिहा मानतो आणि शेवटपर्यंत मानीन. पण शेळी गेलेल्या धनगराच्या दारात उभं राहिलं की रूबेनभाऊंचा प्रश्न मलाही टोचतो. देवाचं राज्य आलं असेल, तर ते अजून या ओसरीपर्यंत पोचलेलं नाही.

मग एका हिवाळ्यात माझी पत्नी सुशीला फार आजारी पडली. मंडळीने तिच्यासाठी खास प्रार्थना ठेवली. रूबेनभाऊ कधी आमच्या चर्चच्या दाराच्या आत आले नव्हते. त्या दिवशी आले आणि मागच्या बाकावर बसले. आमच्यात प्रार्थनेला पुरुष टोपी काढतात, त्यांच्यात घालतात. कुणीतरी खूण केली, तर उलट त्यांनी टोपी आणखी घट्ट बसवली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. आम्ही "तुझं राज्य येवो" म्हटलं आणि मागून खणखणीत आवाज आला, "आमेन!"

प्रार्थना अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती. सगळ्यांच्या माना वळल्या.

पुढे सुशीला बरी झाली. लोक म्हणाले, एका प्रार्थनेत दोन चमत्कार. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की रूबेनभाऊंचं मन उघडलं. "मास्तर, तुमच्या साक्षीचं फळ," म्हणत लोकांनी माझे हात हातात घेतले. मी हसलो. नाही म्हणालो नाही. खरं तर प्रार्थनेच्या दुसऱ्याच दिवशी रूबेनभाऊंनी मला सांगितलं होतं, "येवो म्हणालात, म्हणून आमेन म्हणालो. आलंय म्हणाला असतात तर गप बसलो असतो."

बातमी पुण्याला त्यांच्या बहिणीपर्यंत गेली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांच्यात लग्नाआधी मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात मांडून सगळं कुटुंब एलियाहू हनबीची आठवण करतं. त्या दिवशी मी फाट्यावरून चाललो होतो, तर दुकानाचं शटर वर. रूबेनभाऊ तार भरत बसलेले.

"पुण्याला गेला नाहीत?"

"सांगावा न्हाई आला. बहिणीनं ऐकलंय, मी बाटलो."

"मग सांगायचं ना तिला!"

"मी सांगून काय व्हतंय, मास्तर? बाटलेला बी न्हाईच म्हणंल की."

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी त्यांच्याच फोनवरून बहिणीला फोन लावला. म्हणालो, "बाई, मी ख्रिस्ती मंडळीचा वडील बोलतोय. तुमचा भाऊ आमच्यात आलेला नाही. मी कितीतरी वर्षं प्रयत्न केला. जमलं नाही."

तिने विचारलं, "खरं सांगताय?"

"खरं. फार हट्टी माणूस आहे."

"ते मला ठाऊक आहे. द्या त्याला फोन."

रूबेनभाऊ दुपारच्या एसटीने पुण्याला गेले. पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून सगळं सांगितलं. पाळकसाहेब खाली बघत राहिले. एका बाईंनी विचारलं, "मंग तवा आत येऊन बसले कशापाई?"

मी दुकानात जाऊन रूबेनभाऊंनाच विचारलं.

ते मोटारीतली धूळ फुंकत होते. थांबले. "आमी घरचे सहा जण मिळून बोलायचो, मशिहा येवो म्हणून. आईबाप गेले, भाऊ गेला, बायको गेली, पोरगं लांब गेलं. एकट्याच्या तोंडून ते लई बारीक निघतं, मास्तर. वहिनींसाठी म्हणून बसलो, तर सगळा जमाव एकदम येवो म्हणाला." त्यांनी पुन्हा मोटारीकडे तोंड वळवलं. "आवाज जरा मोठा झाला माझा. माफी करा."