विद्वांसांचा चौरस मीटर

विद्वांस आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले ते खिशात मेजरिंग टेप घेऊन. माझ्या पोळ्या होईपर्यंत त्यांनी आमचा हॉल मोजून काढला आणि जाहीर केलं, "वहिनी, इथे नऊ माणसं बसू शकतात. दहावं आलं की सगळ्यांचाच श्वास कोंडणार." आम्ही अकरा जण होतो. वरचे दोघे म्हणजे ते स्वतः आणि त्यांची बायको, हे त्यांच्या गावीही नव्हतं. चार पोळ्या जास्त खाऊन गेले.

इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. दिवसभर विटा, सळ्या, सिमेंट मोजायचं. घरी आल्यावरही हात थांबत नसे. बोलण्यात कायम दोन वाक्यं: "क्लॉज काय म्हणतो?" आणि "कागद दाखवा." लिफ्टमध्ये पाटीवरच्या आकड्यापेक्षा एक माणूस जास्त शिरला की हे बाहेर पडणार आणि जिन्यातून ओरडणार, "क्लॉज वाचा, हबीबी, क्लॉज!" बायको बिचारी शांत. मुलगी इरा दुसरीत, आमच्या मुक्ताएवढीच, पण ती मोठ्या शाळेत जायची.

आमची मुक्ता जायची ती शाळा एका व्हिलात, म्हणजे राहत्या बंगल्यात, भरत होती. त्या वर्षी मंदीने शहरातल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि ज्याला त्याला नोकरीची धास्ती होती. त्यातच उन्हाळी सुट्टीत सरकारी पत्र आलं, की व्हिलात शाळा चालवायला यापुढे मान्यता नाही. पत्रात खोटं काही नव्हतं. पहिली ब चक्क किचनमध्ये भरायची, फळ्याच्या खाली नळ. पण ओट्यापाशी का होईना, शाळा होती. सप्टेंबर उजाडला आणि मुक्ता घरी बसली.

आशा एकच होती. मोठ्या शाळेने मैदानावर केबिन टाकून नवे वर्ग उभे केले होते. सरकारी मंजुरी आली की दुसरीची आणखी एक तुकडी निघणार होती, आणि प्रतीक्षा यादीत मुक्ताचं नाव पहिलं होतं. मंजुरी काही आली नाही. का? तर विद्वांस!

पालकसभेला गेलेला हा गृहस्थ चहाच्या सुट्टीत केबिन मोजून आला. प्रत्येक मुलामागे नियमाने जेवढे चौरस मीटर हवेत तेवढे भरत नव्हते. मग काय, नकाशांसकट अकरा पानी हरकत थेट सरकारी कचेरीत. अधिकारी आले, त्यांनीही मोजलं. विद्वांस सेंटिमीटरपर्यंत बरोबर निघाले आणि विस्ताराचा अर्ज अडकून पडला.

मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"विद्वांस, माझी पोर घरी बसलीय!"

"वहिनी, कोंबड्या पाळायलाही क्लॉज असतो. आपली तर मुलं आहेत."

"चुलीत घाला तो क्लॉज!"

"अर्ध्या जागेत मूल नीट वाढतं असं कुठे लिहिलंय? कागद दाखवा."

मागून मुक्ता म्हणाली, "आई, इट्स ओके. आय कॅन सिट ऑन द फ्लोर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःची मुलगी वर्गात व्यवस्थित बसवून हा माणूस माझ्या मुलीच्या वाटेत आडवा पडला होता. इतका राग मला तोवर कुणाचाच आला नव्हता, नवऱ्याचासुद्धा.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी त्यांच्या दारावर धडकले. ठरवून, वाक्यं पाठ करून. दार उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. क्लॉजवाल्या विद्वांसांच्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि पलीकडे चार अनोळखी माणसं गाद्यांवर झोपली होती. बेडस्पेस! गादीपुरती जागा भाड्याने दिलेली! अलीकडे, विद्वांसांच्या वाट्याला, एक खुर्ची आणि कपड्यांची दोरी.

"इरा कुठाय?"

"सांगलीला. दोघीही. सुट्टीला गेल्या त्या तिकडेच आहेत. पगार निम्मा झाला, वहिनी."

"पण शाळेत तर तिचं नाव आहे. मागच्या पालकसभेला तुम्ही..."

"नाव आहे ना. कावीळ झालीय म्हणून कळवलंय. एकदा नाव निघालं की परत जागा नाही मिळायची. दिवाळीपर्यंत होईल काहीतरी. इन्शाल्ला."

रिकाम्या बाकाचा बाप म्हणून हा माणूस पालकसभेला जात होता. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, नाही वाटलं. मी भडकलेच.

"म्हणजे दुसरीत एक जागा रिकामी आहे? आणि माझी मुक्ता महिनाभर घरी?"

त्यांनी नियम सांगितला नाही, वाद घातला नाही. दोरीवरचा शर्ट काढून घडी घालत राहिले. मी "येते" असंही न म्हणता वर आले.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेचा फोन आला. दुसरीत एक मुलगी दाखला काढून गेलीय, आजच पैसे भरा. मी धावत गेले.

संध्याकाळी विद्वांस जिन्यात उभे होते. काय बोलावं हे मी दोन मजले ठरवत आले होते, पण तोंडातून निघालं ते भांडणच. "एवढं करायचं होतं तर आधी नाही करता आलं?"

"बाक कितवा मिळाला?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

"तिसरा नको. त्यावर एसीचा थेट झोत येतो. इराला सारखी सर्दी व्हायची. टीचरना सांगून मुक्ताला खिडकीकडे बसवा." मग जिना उतरता उतरता म्हणाले, "तशी चिठ्ठी मी इरासाठी लिहून ठेवली होती, वहिनी. सुट्टीनंतर द्यायची होती."