परकारचाचांचा कान

सौदीतल्या आमच्या बुरैदाच्या कॅम्पात पापडाला बंदी होती. कंपनीची नव्हे, परकारचाचांची. मेसमध्ये कुणी चुकून कुरकुरीत काही तोंडात टाकलं, की कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचा, "कोन खाताय?" खाणारा घास गालात धरून चोरासारखा बसायचा. मी नवा होतो तेव्हा म्हणालो, "चाचा, मेस आहे. इथे सगळेच खातात." चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उरलेला पापड आमटीत बुडवला आणि मऊ करून गिळला.

त्याचं असं होतं, की खाणाऱ्याला पकडणं हाच चाचांचा धंदा होता. खजुराच्या झाडाला एक तांबडा, सोंडवाला भुंगा लागतो. तो खोडात अंडी घालतो, अळ्या आतल्या आत खोड पोखरत जातात, आणि वरून झाड नवरीसारखं नटलेलं दिसतं. बाहेर कळतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. अरब त्याला सूसा म्हणतात, कोकणात त्यालाच सोंड्या भुंगा म्हणतात. आमची कंपनी आसपासच्या बागा तपासायची आणि चाचा तिचे मुख्य तपासनीस होते. कंपनीने अळ्यांचा आवाज टिपायचं यंत्रही आणलं होतं. ते माझ्या स्टोअरमध्ये धूळ खात होतं, कारण चाचांचं मत ठरलेलं होतं. "त्येला बॅटरी लागते. मना नुसता चाय लागतो."

डोक्यावरची टोपी खिशात घालायची, खोडाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि एक हात वर करायचा. हात वर असेपर्यंत बागेत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग चाचा झाडालाच विचारायचे, "कोन खाताय?" आणि झाड त्यांना सांगायचंही.

चाचा रत्नागिरीकडचे. वडलांच्या नारळाच्या बागेत त्यांचा कान तयार झाला, म्हणून खजुरालाही ते जन्मभर माडच म्हणाले. मी साताऱ्याचा, म्हणून मला ते सातारकर म्हणत. भुंग्यावर तर ते गाववाल्यासारखा हक्क सांगत. "ह्यो आपल्याच बाजूचा, सातारकर. मी इकाम्याचा परवाना घेऊन आलो, ह्यो बिनइकाम्याचा घुसला. आपला चोर आपनच धरायला पायजे." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, की जणू भुंग्याला व्हिसा यांनीच नाकारला होता.

त्यांचं दुसरं वाक्य जास्त कडक होतं. अळ्या थोड्या असल्या तर खोडात औषध टोचून झाड वाचतं. आतून पोकळ झालं असेल तर तोडायचं, चुरा करायचा आणि खोल पुरायचं, नाहीतर त्यातून निघणारे भुंगे शेजारची बाग खातात. कॅम्पच्या भिंतीपलीकडे अबू सालेह नावाच्या म्हाताऱ्याची बाग होती. त्याच्या वडिलांच्या हातचं एक झाड असंच पोकळ निघालं. अबू सालेहने कॉफी पाजली, सुक्करी खजूर पुढे केला, डोळ्यांत पाणी आणलं. चाचांनी कॉफी घेतली, खजूर खाल्ला, हात पुसले आणि म्हणाले, "माड वळकीचा नसतो." हे त्यांनी चक्क मराठीत सांगितलं. अर्थ करवतीने समजावला.

मग निताकत आलं, म्हणजे कंपनीत सौदी माणसं किती ते मोजणारा सरकारी नियम. कंपन्यांना हिरवे, पिवळे, लाल रंग लागले. आमची लाल झाली आणि चाचांच्या जागी सौदी माणूस नेमायचं ठरलं. माणसाचं नाव फहद. पस्तिशीचा, बुरैदाचाच, गंभीर चेहऱ्याचा. त्याला तयार करायचं आणि चाचांनी कायमचं घरी जायचं, असा हुकूम होता.

अशा वेळी काय करायचं याचा कॅम्पात एक रिवाज होता. आपल्या जागी येणाऱ्याला सगळं शिकवायचं, फक्त शेवटची किल्ली खिशात ठेवायची. म्हणजे चार महिन्यांनी कंपनी झक मारत परत बोलावते. मी चाचांना हे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "अर्धा कान कसा शिकवतात, सातारकर?"

त्यांनी पुरा कान शिकवला. पहिल्याच दिवशी फहदच्या सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या, आणि सौदी माणसाकडून त्या बिया सोडवणं म्हणजे आपल्याकडून चहा सोडवण्यासारखं आहे. फहद कान लावायला शिकला, हात वर करायला शिकला, आणि खोडाला शुद्ध रत्नागिरी बोलीत "कोन खाताय?" असं विचारायलाही शिकला. चाचा येईल त्या पाहुण्याला ते ऐकायला लावत. "माजा मानूस," म्हणत.

आता बायबद्दल सांगायला हवं. कॅम्पाच्या अंगणात एक खजुराचं झाड होतं. चाचांना मुलगी झाली तेव्हा रजा मिळाली नव्हती. त्यांनी अबू सालेहकडून एक रोप मागून आणलं, अंगणात लावलं आणि त्याला बाय म्हणू लागले. मुलगी तिकडे वाढली, बाय इकडे. मुलीच्या वाट्याला चाचा रजेपुरते आले, बाकीचं सगळं प्रेम या झाडाला मिळालं. तिचा पहिला खजूर चाचांनी मेसमध्ये पेढ्यासारखा वाटला होता.

चाचा निघायच्या आठवड्यात एका दुपारी आम्ही अंगणात चहा घेत होतो. फहद सरावासाठी बायला कान लावून उभा होता. तो दुसऱ्या बाजूला गेला, परत आला, आणि चाचांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"काय?" चाचांनी विचारलं.

"कोन खाताय," फहद हळूच म्हणाला.

"माज्या बायला?" चाचा हसले. हसतच उठले आणि खोडाला कान लावला. वर केलेला हात बऱ्याच वेळाने खाली आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सगळ्या बुरैदाचं ऐकणाऱ्या या माणसाला या झाडाला कान लावताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"घरच्या मान्साची नाडी कोन बघतो, सातारकर," ते म्हणाले.

फहदने बुंध्याशी पटाशीने साल काढली. हात कोपरापर्यंत आत गेला. आंबूस वास आला. "चाचा, अभी रहने दो," तो म्हणाला, "आप जाएगा, बाद में काटेगा." आम्हीही तेच म्हणालो. आठवड्याने काय बिघडतं, कोण बघतंय?

चाचांनी भिंतीपलीकडे अबू सालेहच्या बागेकडे पाहिलं. "माड वळकीचा नसतो," ते म्हणाले. मग फहदच्या हातात करवत दिली. "तूच काप. धरलास तू."

झाड पडेपर्यंत ते जवळच उभे होते. आवाज ऐकून अबू सालेह आला, तर चाचा फहदच्या खांद्यावर हात ठेवून म्हाताऱ्याला सांगत होते, "मना ऐकू नाय आला, यानं ऐकलान. माजा मानूस." आवाजात नुसता अभिमान होता. डोळ्यांचं मी सांगत नाही. अबू सालेहने कॉफी मागवली.

शेवटच्या जेवणाला आचाऱ्याने काय विचार केला कुणास ठाऊक, पण पापड तळले. टोपली मधोमध आली आणि तशीच राहिली. इतक्या वर्षांची सवय, कुणाचा हात पुढे जाईना. चाचांनीच एक पापड उचलला आणि मोडला.

"खावा रे," ते म्हणाले, "आता ऐकायचं काम फहदचं."

आम्ही खाऊ लागलो. फहदनेही एक घेतला. मेस कुरकुर आवाजाने भरून गेली, आणि परकारचाचा हातातला पापड न खाता, डोळे मिटून आम्हाला ऐकत बसले.