सगुणाबाईंनी पाळलेलं धोंडोपंतांचं पथ्य

एका जंगलात, मुलांनो, धोंडोपंत नावाचं एक अस्वल राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. तिथे मध होता, मोहाची झाडं होती आणि दुपारची झोप होती, एवढं कळलं तरी पुरे.

धोंडोपंत अंगाने भरलेले होते. स्वतःच्या पोटाकडे बघून ते स्वतःच हसायचे. "आमच्याआधी आमचं पोट गुहेत शिरतं," असं म्हणायचे. पाहुणे हसायचे आणि मधाचं आणखी एक पोळं पुढे करायचे. नको म्हणणं धोंडोपंतांच्या स्वभावात नव्हतं.

एकदा सगुणाबाईंना, म्हणजे त्यांच्या अस्वलिणीला, नवऱ्याच्या तळपायात, बोटाच्या बुडाशी, बाभळीचा काटा दिसला. काटा चांगला बोटभर लांब होता. भोवती जखम चिघळली होती.

"अहो, हा कधी लागला?"

"कुठला?" धोंडोपंत म्हणाले.

त्यांना कळलंच नव्हतं. सगुणाबाईंनी तसंच नवऱ्याला डॉक्टरांकडे नेलं.

त्या जंगलात डॉक्टरकी साळिंदराकडे होती. का, ते उघड आहे. सुया आणायला त्याला कुठे जावं लागत नसे. डॉक्टर साळिंदरांनी पायातला काटा काढला, मग स्वतःच्या पाठीचा एक काटा उपसला, धोंडोपंतांच्या हाताच्या बोटाला टोचला आणि रक्ताचा थेंब पानावर ठेवला. मग सगळे मुंग्यांची वाट बघत बसले. तपासणी मुंग्या करायच्या. रक्तात साखर नसेल तर एखादी मुंगी येऊन वास घेऊन परत जायची. असेल तर रांग लागायची.

रांग लागली. दगडावरून उतरून ती वारुळापर्यंत गेली.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "पायाला काटा कळत नाही तो त्यामुळेच. आता जेवण आखून घ्यायचं."

धोंडोपंतांचा चेहरा उतरला. "म्हणजे उपाशी?"

"उपाशी मुळीच राहायचं नाही. वेळच्या वेळी जेवायचं." डॉक्टरांनी पळसाचं पान घेतलं. मुलांनो, पळसाचं पान तीन पानांचं असतं, बघितलं असेल तुम्ही. "मधल्या मोठ्या पानावर पालेभाजी. टाकळा, कुर्डू, जी मिळेल ती. या बाजूला वाळवी, ताकदीसाठी. त्या बाजूला कंद, एकच. बस्स, हे झालं जेवण. जेवल्यावर टेकडीपर्यंत चालून यायचं. मध बंद, मोहाची फुलं बंद. औषध मी देईन, पाय रोज तपासायचा. हे नाही केलंत तर पायाच्या त्या बोटाचं काही खरं नाही. आणि बोट गेलं की झाडावर चढणं विसरा."

झाडावर चढता न येणारं अस्वल. धोंडोपंतांना घाम फुटला.

घरी आल्यावर मात्र त्यांना भूक लागली. सगुणाबाईंनी पळसाचं पान मांडलं. मधल्या पानावर टाकळ्याची हिरवीगार भाजी होती. धोंडोपंत बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. आणि मग त्यांना ती कल्पना सुचली.

"अगं, तू वडाला फेऱ्या मारतेस ना दरवर्षी? दिवसभर उपास करतेस?"

"मारते की."

"उपास तुझा. आयुष्य कोणाचं वाढतं?"

"तुमचं."

"झालं तर मग." धोंडोपंतांनी पान हळूच बायकोपुढे सरकवलं. "हे पथ्यही तूच कर. तुझ्या उपासाला इतकी वर्षं यश येतंय, ते उगाच नाही. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

सगुणाबाईंना राग आला. पण त्या जंगलात बाईने नवऱ्यासाठी उपाशी राहायचं आणि नवऱ्याने जेवून ढेकर द्यायची, हे इतकं जुनं होतं की त्यात चूक कुठे आहे ते त्यांना चटकन दाखवता येईना. शिवाय तो काटा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. न जाणो, उपयोग झालाच तर. त्यांनी भाजीचा घास घेतला.

असं धोंडोपंतांचं पथ्य सुरू झालं.

त्यांनी पथ्यावर बारीक लक्ष ठेवलं, हे मात्र कबूल करायला हवं. झाडाखाली मधाचं पोळं चोखत ते विचारायचे, "आज वाळवी घेतलीस ना? कंद एकच हं." सगुणाबाई टेकडीवर निघाल्या की हे बसल्या जागेवरून ओरडायचे, "जरा झपझप चाल." दमायचे बिचारे. औषध तेवढं ते स्वतः घ्यायचे, मधात कालवून.

एरवी मध खाताना मनाला थोडी टोचणी असायची. आता तीही राहिली नाही. घरात इतकं कडक पथ्य चालू आहे म्हटल्यावर एखादं पोळं जास्त झालं तर काय बिघडलं? आल्यागेल्याला ते सांगायचे, "तोंडावर ताबा पाहिजे. आमच्याकडे मोहाचं फूलसुद्धा शिवत नाहीत." हे सांगताना तोंडात मोहाची फुलं असत. शेजारचा रानडुक्कर इतका भारावला, की घरी जाऊन त्याने बायकोला वजन कमी करायला सांगितलं.

तीन महिने गेले. धोंडोपंत तपासणीला निघाले ते अगदी परीक्षेला पाठांतर करून निघाल्यासारखे. एक पाय ओढत होते, पण ऐटीत.

डॉक्टरांनी थेंब पानावर ठेवला. रांग लागली. दगडावरून उतरली, वारुळापर्यंत गेली आणि तिथे न थांबता ओढ्याच्या पलीकडे गेली. शेजारच्या जंगलातल्या मुंग्याही आल्या होत्या.

"असं कसं होईल?" धोंडोपंत चिडले. "मुंग्या बदला डॉक्टर. पथ्य काटेकोर झालंय."

"कोणी केलं?"

धोंडोपंतांनी अभिमानाने सगुणाबाईंकडे बोट दाखवलं.

डॉक्टर साळिंदरांनी दुसरा काटा उपसला आणि सगुणाबाईंच्या रक्ताचा थेंब पानावर ठेवला. एक मुंगी आली. तिने वास घेतला आणि ती निघून गेली.

"तुमचे गुडघे दुखायचे ना हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबले," सगुणाबाई म्हणाल्या. "काल बेहड्याच्या शेंड्यापर्यंत चढले." बोलताना त्यांना हसू आलं आणि लगेच नवऱ्याच्या पायाकडे बघून ते गेलं.

डॉक्टरांनी पाय उलटून पाहिला. मग ते एवढंच म्हणाले, "बोट काढावं लागेल."

बोट काढलं. धोंडोपंतांना तेव्हाही फारसं दुखलं नाही, आणि न दुखण्याचीच त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पट्टी बांधून ते झाडाखाली बसले. सगुणाबाई वर फांदीवर होत्या.

"वरून काय दिसतं गं?"

"नदी दिसते. टेकडी दिसते. तुम्ही दिसता."

"मी कसा दिसतो?"

"जसे आहात तसे."

धोंडोपंतांनी स्वतःकडे पाहिलं. पोट तेवढंच होतं, बोट एक कमी. "वडाचा हिशेब चुकला," ते म्हणाले. "आयुष्य माझ्या नावावर टाकलं आणि तब्येत तुझ्या." स्वतःच्याच बोलण्यावर ते खूप हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

सगुणाबाई खाली उतरल्या. त्यांनी पळसाचं पान मांडलं, भाजी वाढली आणि पान नवऱ्यापुढे ठेवलं. धोंडोपंतांनी ते जुन्या सवयीने थोडं सरकवलं. सगुणाबाईंनी त्यावर पंजा ठेवला.

"मी जेवलेय," त्या म्हणाल्या.

धोंडोपंतांनी घास घेतला. भाजी कडवट होती. वाळवी मात्र खमंग होती, इतके दिवस आपण उगाच घाबरलो असं त्यांना वाटलं.

पुढच्या वटपौर्णिमेला वडाभोवती लंगडत फेऱ्या मारणारे धोंडोपंत बघून जंगल थक्क झालं. बायकोसाठी व्रत करणारा असा नवरा कोणी पाहिला नव्हता. रानडुकरिणीने तर आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. डॉक्टरांनी जेवल्यावर चालायला सांगितलंय आणि टेकडी अजून झेपत नाही, हे धोंडोपंतांनी कोणाला सांगितलं नाही.

सगुणाबाई वडाच्या सावलीत बसल्या होत्या. "जरा झपझप चाला," त्या म्हणाल्या.

तात्पर्य : मुलांनो, आपलं पथ्य नेहमी बायकोवर सोपवावं. दोघांपैकी एकाची तरी तब्येत सुधारते.