शून्य प्रलंबित

एका जंगलात, मुलांनो, शिकलेले प्राणी पुष्कळ होते, आणि शिकल्याचा कागद हातात पडायची वाट बघणारे त्याहून पुष्कळ. कारण तिथे एक सरकारी विद्यापीठ होतं.

खारूताई वाट बघणाऱ्यांतली. मोजणी हा विषय घेऊन ती पास झाली होती. वडावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका साळुंकीबाईंनी तिला मोजणी शिकवायची नोकरी देऊ केली होती. "फक्त शाळा उघडायच्या आत प्रमाणपत्र आण," त्या म्हणाल्या. ढोलीतले दाणे संपत आले होते आणि पिल्लाला नेमके आत्ताच दात आले होते.

पिल्लाला पाठीवर घेऊन ती विद्यापीठात गेली. तिथले कुलसचिव गेंडेसाहेब यांनी नुकतीच कारभारात सुधारणा केली होती. आत घेतलेला अर्ज सूर्य मावळायच्या आत निकाली निघालाच पाहिजे, असा नियम. खिडकीत घोरपडबाई बसल्या होत्या.

"बाई, अर्ज घ्या ना."

"घेत नाही."

"माझं काही चुकलंय का?"

"तुझं कशाला चुकेल? घेतला तर संध्याकाळपर्यंत काम करावं लागतं. म्हणून घेत नाही. सुधारणा झालीये ना."

घरी जाताना खारूताईला वाटलं, आपणच नीट बोललो नसू. किंवा पाठीवर पिल्लू होतं म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी ती पिल्लाला शेजारणीकडे ठेवून गेली. मग पिल्लू नव्हतं म्हणूनच असेल, असं वाटून पुन्हा घेऊन गेली. खिडकीवर आता पाटी लागली होती : 'प्रलंबित अर्ज : शून्य'. पाटीखाली ही लांब रांग.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी करकोच्यांची तपासणी समिती आली. पाटी वाचून करकोचे खूश झाले.

"आता एखादा समाधानी अर्जदार दाखवा," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

गेंडेसाहेबांनी घोरपडबाईंकडे पाहिलं. घोरपडबाईंनी रांगेकडे.

"खारूताई, तू समाधानी आहेस ना गं?"

"प्रमाणपत्र मिळालं तर होईन."

लगेच मिळालं. सही झाली, शिक्का बसला, पिल्लासकट फोटोही निघाला. बाहेर येऊन तिनं वाचलं. नाव तिचंच होतं. विषय होता पोहणे.

ती धावत खिडकीशी आली. "बाई, एवढी दुरुस्ती…"

"दुरुस्तीला अर्ज लागतो."

"मग घ्या ना."

घोरपडबाईंनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

साळुंकीबाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "मोजणी म्हणाली होतीस ना? असू दे. शिक्का छान उमटलाय. पोहणं शिकव."

खारूताईला डबक्याचीसुद्धा भीती वाटायची. त्यात कुणाचं पोर बुडलं तर? तिला घास जाईना. मग तिला घोरपडबाई आठवल्या, आणि ती पोटभर जेवली.

सकाळी तिनं सगळ्या पोरांना तळ्याकाठी ओळीत बसवलं.

"बाई, पाण्यात कधी जायचं?" पाणमांजराच्या पोरीनं विचारलं. "मला येतं पोहता."

"तरी बस."

वर्ष सरलं. करकोचे शाळा तपासायला आले. तळ्याकाठी खारूताईची पाटी होती : 'बुडालेली मुलं : शून्य'. त्यांनी तिथल्या तिथे तिला आदर्श शिक्षिका ठरवलं. सत्काराला ती पिल्लाला घेऊन गेली. पाण्यापासून जरा लांबच बसली.

तात्पर्य : काम हातात घेतलंच नाही, तर ते कधी बिघडत नाही. मात्र मुलांनो, तुमचं घर तळ्याकाठी असेल, तर पोहणं आधी घरच्यांकडून शिकून घ्या.