जरा लांबून काढा

कांबळेबाईंनी मला आजवर एकदाही नावाने हाक मारलेली नाही. पुण्यात जो जिथे राहतो, तेच त्यांच्या लेखी त्याचं नाव; मी 'कात्रज' आहे. माझी बायको 'मिसेस कात्रज'. आमच्या ग्रुपमधले देशपांडे 'धायरी', शिंदे 'हडपसर'. आईवडिलांनी हौसेने ठेवलेली नावं बाईंच्या फोनमध्ये शिरूच शकत नाहीत.

त्याला कारण आहे. बाई पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्या. "धायरीचं सोडा, कात्रजचं बंद करा," यात त्यांची उभी नोकरी गेली. आता त्या 'कुंडीबहाद्दर' हा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात. ग्रिलमध्ये वांगी आणि बाल्कनीत पपई लावणारे, घरच्यांनी ओवाळून टाकलेले आम्ही लोक त्यात आहोत. पाणी सोडायचे अधिकार मात्र बाईंनी अजून कोणाकडे सोपवलेले नाहीत.

त्यांचा पहिला नियम: आधी बोट, मग पाणी. मातीत दोन पेरं बोट घालायचं, ओल लागली तर तांब्या घेऊन मुकाट्याने मागे फिरायचं. पानं पिवळी पडली? "बोट घातलंत का?" कळ्या गळतात? "बोट घातलंत का?" जगातली निम्मी झाडं माणसांच्या मायेने मरतात, असं त्यांचं ठाम मत. एकदा देशपांड्यांची बायको तापाने आजारी होती. "सकाळपासून मलूल आहे, मान टाकलीय," हा मेसेज त्यांनी घरच्या ग्रुपऐवजी चुकून आमच्या ग्रुपवर टाकला. बाईंचं उत्तर तत्काळ आलं: "पाणी जास्त झालंय. दोन दिवस देऊ नका. उन्हात ठेवा."

दुसरा नियम हजेरीचा. रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या एका झाडाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'कात्रज. हजर.' फोटोत फक्त झाड. मागचं घर कापून टाकायचं. "पडद्यांचं प्रदर्शन नको," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. माझ्या फोटोत एकदा चुकून कप आला, तर म्हणाल्या, "चहा छान दिसतोय. झाड कुठे आहे?"

अशा या बाईंचा एका सकाळी मेसेज आला: "उद्यापासून ॲडमिट होते आहे. रक्ताचा कॅन्सर. ऊन फार आहे, गुलाबांना एवढ्यात शेणखत घालू नये."

गुलाबांचं काय करायचं ते कळलं होतं, बाईंचं काय करायचं ते कळत नव्हतं. एरवी कोणाच्या मांजराला शिंक आली तरी हात जोडणारी चित्रं टाकणारी माणसं आम्ही, पण कोणाचं बोट चालेना. मग शिंद्यांनी लिहिलं, "रक्तगट काय?" आणि तिथून आम्ही हललो.

त्यांच्या प्लेटलेट्स सारख्या खाली जायच्या, म्हणून आम्ही आळीपाळीने द्यायला जाऊ लागलो. शिंदे कारखान्यात सुट्टी टाकून सर्वांत आधी गेले. बाईंनी विचारलं, "आजच्या कोणाच्या?" हडपसरच्या, म्हणून कळल्यावर म्हणाल्या, "हडपसरला प्रेशर पहिल्यापासून चांगलं." नर्सलाही त्यांनी सोडलं नाही. "हे सलाईनचे सेट वापरून झाले की टाकता का हो? कुंड्यांना ठिबक करायला उत्तम." नर्सने ते देता येणार नाहीत म्हणून सांगितलं, तर दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

कॅन्सरचं नाव ऐकून बाई खचल्या नव्हत्या. खचल्या त्या डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा. माती, झाडं, फुलं, काहीही जवळ नको. मातीतल्या बुरशीचा संसर्ग त्यांना झेपणार नाही. घरी जाण्याआधी गॅलरी रिकामी करा. त्यांची भाची सुषमा नागपूरहून येऊन राहिली होती, ती म्हणाली, "मावशी भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवलीच नाही."

रविवारी आम्ही टेम्पो घेऊन येरवड्याला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. बाई हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉलवर होत्या. झाडांची वाटणी त्यांनी मुलींची स्थळं पाहावीत तशी केली. "अडेनियम धायरीला. तिथे ऊन आहे, आणि दोघं रिकामी आहेत. कात्रजला अनंत. रुसकं झाड आहे, तुमचं जमेल." अडेनियम त्यांचं लाडकं. बियांपासून वाढवलेलं, मांडी घालून बसल्यासारखं खोड. देशपांड्यांनी ते मांडीवर घेऊनच टेम्पोत बसून नेलं.

शेवटची कुंडी गेली आणि गॅलरीत नुसते कुंड्यांच्या बुडांचे गोल डाग राहिले. सुषमाने फडकं आणलं, तर फोनमधून आवाज आला, "ते पुसू नकोस." मी उगीचच टेम्पोवाल्याशी भाड्यावरून वाद घालायला गेलो.

दुसऱ्या दिवशीपासून हजेरीत त्यांची झाडं यायला लागली. आम्ही नियमाप्रमाणे अगदी जवळून, पानापानाचे फोटो टाकले. बाईंचं उत्तर आलं: "जरा लांबून काढा."

आम्ही दोन पावलं मागे सरलो. "अजून लांबून." देशपांडे म्हणाले, त्यांना ऊन कुठून येतं ते बघायचं असेल. शिंद्यांचं म्हणणं, भिंतीपासूनचं अंतर. मी तर सोफ्यावर उभा राहून अनंताचा फोटो काढला. त्यात आमचा ओटाही आला आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायकोही. बाई काही बोलल्या नाहीत.

आणि मग धायरीचं अडेनियम गेलं.

झालं ते असं. बाईंच्या धाकाने देशपांडे सकाळी लवकर उठून पाणी घालत. वहिनी संध्याकाळी घालत. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला काही पडलेली नाही. दोघांनीही बोट घातलं नाही, कारण दोघांनाही खात्री होती की माती कोरडीच असणार. खोड आतून सडलं. देशपांड्यांनी मला फोन केला. "अहो, त्यांना कळलं तर त्या... तसल्या अवस्थेत..." मलाही तीच भीती होती.

आम्ही पुण्यातल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी मांडी घातलेलं एक अडेनियम मिळालं, पण त्याची मांडी उलटी. उजवा पाय वर. देशपांडे आयुष्यभर नकाशे काढणारे गृहस्थ, म्हणाले, "फोटो आरशासारखा फिरवून टाकू." टाकला. बाईंचं उत्तर आलं: "ठीक." आम्ही एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले.

पुढे उपचाराच्या दोन फेऱ्यांमधले काही दिवस बाई घरी होत्या. सुषमाला नोकरीसाठी नागपूरला एक चक्कर मारायची होती, म्हणून मी औषधं पोचवायला गेलो. तोंडाला मास्क, दारातच उभा. बाई हॉलच्या त्या टोकाला खुर्चीत. डोक्याला रुमाल, हातातला फोन तेवढा मोठा दिसत होता, बाकी सगळं आक्रसलं होतं. कोपऱ्यात बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढे फूलही नव्हतं.

"कात्रज," त्या म्हणाल्या, "धायरीचं अडेनियम गेलं ना?"

मी औषधांच्या पिशवीची गाठ सोडायला लागलो.

"सांगा हो. मी काय खाते का तुम्हाला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागचं कॅलेंडर उलटं झालं होतं. आकडे सगळे डावखुरे."

"म्हणजे तुम्ही कॅलेंडर बघत होतात?"

"झाडं मला पाठ आहेत. मी मागचंच बघते."

त्या सांगत राहिल्या. "धायरीच्या टेबलावर दोन चष्मे शेजारी शेजारी असतात. दोघंही पाणी घालत असणार, एकमेकांना न विचारता. रागावू नका त्यांना. हडपसरच्या दोरीवर झबली आलीत. नातवंड झालं वाटतं, बोलले नाहीत मला. मी आजारी म्हणून बोलले नसतील. तुमच्या मिसेस त्या निळ्या गाऊनमध्ये पोहे करतात ना? वाफ दिसते."

"मग बाई, इतकी वर्षं आम्हाला घर कापून टाकायला का लावत होतात?"

"कापलं नाही की मी तेच बघत बसायचे." रुमाल सारखा करत त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासून या घरात दुसरा कप फळीवरून खाली आलेला नाही. तुमचे फोटो मोठे करून करून बघायचे. झाडाकडे लक्षच राहायचं नाही. ॲडमिनने असं करून चालतं का?"

येरवड्याहून कात्रजपर्यंत रिक्षात मी हजेरीचे जुने फोटो बघत आलो. या बाईंना आम्ही किती घाबरलो, त्यांच्या किती नकला केल्या. आणि त्या रोज सकाळी आमच्या घरांत येऊन, कोणाला न कळता, बसून जात होत्या. आम्ही एकदाही 'या' म्हटलं नव्हतं.

मी देशपांड्यांना आणि शिंद्यांना फोन केले. दुसऱ्या दिवशी हजेरीला धायरीहून फोटो आला: दोघं नवराबायको, मधे उलट्या मांडीचं अडेनियम, मागे सुलटं कॅलेंडर. हडपसरहून शिंदे, त्यांच्या हातात झबल्यातलं नातवंड, बाईंची शेवंती कुठेतरी कडेला. आमच्याकडून मी, बायको, पोह्यांची बशी. अनंताचं एक पान आलं होतं कसंबसं.

बाईंनी लिहिलं, "झाडं कुठे आहेत?"

आम्ही सगळे फोन हातात धरून बसलो होतो. त्यांचा पुढचा रिपोर्ट अजून यायचा होता, पुढची फेरी कशी जाईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या घराचा फोटो टाकला. खोलीच्या अगदी शेवटच्या भिंतीला पाठ लावून काढलेला. खुर्ची, बुद्धाची मूर्ती, टेबलावर खाली काढून ठेवलेले कप, एकात एक घातलेले, आमच्या सगळ्यांना पुरतील एवढे. पलीकडे रिकामी गॅलरी आणि फरशीवरचे गोल डाग.

खाली लिहिलं होतं: "येरवडा. हजर. मागे सगळ्यांसाठी जागा राखून ठेवली आहे. तोपर्यंत कोणी जास्त पाणी घालू नये."

तो फोटो मी मोठा करून करून पाहिला. मग उठलो, अनंताच्या मातीत बोट घातलं. ओल होती. तांब्या तसाच परत नेऊन ठेवला.