उजव्या खुर्चीतले आप्पा

वरवंडच्या शिवराम आप्पा कोकऱ्यांना कुणी 'कॅप्टन' म्हटलं की ते हातातलं काम टाकून उभे राहत. "कॅप्टन न्हाई, को-पायलट," एवढं सांगत आणि पुन्हा कामाला लागत. पोस्टमन असो, न्हावी असो, नाहीतर दौंडहून आलेले तहसीलदार असोत, कुणाची सुटका नसे.

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि को-पायलट उजवीकडे. आप्पा एकवीस वर्षं उजवीकडे बसले आणि नोकरी सुटल्यावरही बसत राहिले. हॉटेलातलं बाकडं असो की बैलगाडी, डावी जागा ते दुसऱ्याला देत. "लग्नात बायकोला डावीकडं बसवत्यात, गुरुजी," मला एकदा म्हणाले, "आमच्या घरात कॅप्टन कोण, ते भटजीनंच ठरवलं."

मी गावच्या शाळेत शिक्षक होतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा विमान चालवतो याचा गावाला अभिमान होता, आणि तो कॅप्टन झाला नाही याचा राग. रागाची आग आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, पेटती ठेवली होती. कंपनीत बढतीची यादी असे. आधी लागला तो आधी कॅप्टन. आप्पांचा नंबर आला त्याच वर्षी सात वर्षांनी मागून लागलेला साळवी पुढे गेला. "यादी फिरवली मेल्यांनी," काकू गिरणीच्या रांगेत सांगत, बाजारात सांगत, माझ्या वर्गाच्या खिडकीतूनही एकदा सांगून गेल्या.

आणीबाणी उठली त्या वर्षी सरपंचांनी आप्पांवरच्या अन्यायाबद्दल दिल्लीला अर्ज करायचं ठरवलं. तो मी लिहिला आणि सही घ्यायला मळ्यात गेलो. आप्पांनी दोनदा वाचला.

"अक्षर झ्याक हाय," म्हणाले. "पर खोटं हाय."

मग ते सावकाश बोलू लागले.

"यादीत पयला मीच होतो. सायबानं माझी आन् साळव्याची परीक्षा घेतली, एकाच विमानात, एकामागं एक. आडवं वारं होतं. म्या उतरवलं तवा विमान दोनदा आपटलं. साळव्यानं उतरवलं तवा चाकं कवा टेकली ते कळलं न्हाई. युनियन म्हणाली, यादी मोडू द्यायची न्हाई, आम्ही तुमच्या मागं हाय. पर मागं चाळीस माणसं बसत्यात, गुरुजी. त्यास्नी यादी ठावी नसती. म्याच लिहून दिलं, साळव्याला करा."

"आणि मग त्याच्याच शेजारी बसलात?"

"सहा वर्षं. डोळ्यांनी दगा दिला, तवा सुटलो." त्यांनी घराकडे पाहिलं. "हिला न्हाई सांगितलं. काय सांगू, माझा हात कच्चा हाय म्हणून?"

काकू चहा घेऊन आमच्या मागंच उभ्या होत्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ड्यूटीवर व्हता, तवा साळवी घरी आला व्हता. समदं सांगून माझ्याफुडं रडला पोरगा."

आप्पा मागे वळले. "मग गावभर यादीला शिव्या कशापायी घालतीस?"

"लोकांनी तुमास्नी कच्चं म्हणू नये म्हून."

"आठ वर्षं?"

"व्हय." त्यांनी कपबशा खाली ठेवल्या. "येक इचारू? त्यो खरंच तुमच्यापरीस चांगला व्हता?"

आप्पांनी कपबशी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"व्हता," ते म्हणाले.

"मग बरं केलंत," काकू म्हणाल्या आणि तिथंच मातीत बसल्या. आप्पांनी तोंड विहिरीकडे फिरवलं. मी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि निघालो. दोघांपैकी कुणीही मला थांब म्हटलं नाही.