खलपात्रपदी निवड

आमच्या शाळेत यंदापासून कथा रंगवण्याचा तास सुरू झाला आहे. तो पीटीच्या वेळेत होतो, कारण पीटीच्या सरांची बदली झाली आणि मैदानावर इमारत झाली. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास कुठेतरी व्हायलाच हवा, म्हणून तो आता कथेत होणार, असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं. शाळेला लागूनच असलेल्या कामतघरच्या यंत्रमागांच्या खटखटाटात त्यांचं अर्धं भाषण ऐकूच आलं नाही. त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या.

शिकवायला मिथुन सर आले. खास बाहेरून मागवलेले.

"कथेचं गणित सोपं आहे," सर म्हणाले. "कोणाला तरी काहीतरी हवं असतं. कोणीतरी ते मिळू देत नाही. जो मिळू देत नाही तो खलपात्र. खलपात्र जितकं दणकट, तितकी कथा रंगतदार. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. माझ्या बाकावरच्या तुळजाने 'दणकट'खाली दोनदा रेघ मारली.

मी विनिता, दहावी ब. मला कथा लिहिता येते हे मला त्या तासाला कळलं आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणालाच चैन नाही. नायिका माझ्याकडे तयारच होती. पार्वतीकाकी, म्हणजे बाबांची चुलत वहिनी, राहणार कोन गाव. काकीच्या ओट्याला नाक लावून गोदामाचा ट्रक उभा असतो. एक गेला की दुसरा येतो. दार उघडतं ते जेमतेम काकी आडवी होऊन बाहेर पडेल इतकंच, आणि पिशवी असली तर आधी पिशवी, मग काकी. तिची इच्छा एवढीच, की दार सताड उघडावं आणि ओट्यावर बसून निवांत वाल सोलावेत.

"माज्यावर गोष्ट?" काकी म्हणाली. "तिच्यात ट्रक हाय का?"

"आहे ना काकी."

"मंग शेवटाला जातो का?"

"जातो!"

"मंग लिही गो पोरी. गावातली मोठी मानसं तुमच्या गॅदरिंगला येतात ना? त्यांच्या तोंडावर वाच. मी येन. साडी नेसून येन."

मी शब्द दिला. स्नेहसंमेलनात, स्टेजवर, माइकवर, शेवटच्या ओळीत ट्रक जाणार.

खलपात्राचं नाव शोधावं लागलं नाही. ते ट्रकच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: चांगदेवशेठ. त्याखाली 'पुन्हा भेटू'. काकीला ते रोज भेटतात.

कथा वाचून आमच्या मराठीच्या निशा मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणजे बसलेल्याच होत्या, पण अजून खाली गेल्या. "अगं, चांगदेवशेठ? गॅदरिंगचा मंडप कोण देतं?"

"नाव बदलू?"

"आता वाचलं ना मी. आता माझ्यावर जबाबदारी आली."

जबाबदारी आली की ती ताबडतोब पुढे पाठवायची, ही आमच्या शाळेची शिस्त आहे. ती ऑफिसात मोरूभाऊंकडे गेली. मोरूभाऊंच्या कॉम्प्युटरवर कुठल्याही समितीवर कोणालाही घेण्याचं एक तयार पत्र आहे, त्यात फक्त पदाचं नाव बदलतात. पत्र गेलं: 'आपली शालेय कथेच्या खलपात्रपदी निवड करण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास मुदतीत कळवावे.'

मुदतीत हरकत आली नाही. फ्लेक्स आला.

कोनच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या वर. गॉगल घातलेले चांगदेवशेठ, कानाला फोन. 'शालेय कथेच्या खलपात्रपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची इतकी डोकी की कांद्याची रास वाटावी. कोपऱ्यात माझाही फोटो होता, आधार कार्डावरचा. तो त्यांना कोणी दिला, हे अजून उघड झालेलं नाही.

दुपारी शेठ स्वतः शाळेत आले, पेढे घेऊन. मला बोलावण्यात आलं. मी खरं बोलायचं ठरवलं, कारण कथाकाराने धीट असावं असं मिथुन सर म्हणतात.

"शेठ, खलपात्र म्हणजे वाईट माणूस."

"म्हाईत हाय गो. मी काय अडाणी हाय?" शेठ हसले. "पन पद हाय ना?"

"तुमच्या ट्रकमुळे काकीचं दार उघडत नाही, असं लिहिलंय."

"लिही ना, बिनधास्त लिही. फक्त नावाच्या आधी 'समाजसेवक' टाक. आनि पेढा घे."

मी पेढा घेतला. पेढ्याशी माझं भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावेशशेठ आले. त्यांची गोदामं रस्त्याच्या पलीकडे. ते पेढे न आणता आले, म्हणजे रागावून आले.

"बिनविरोध? विरोध आहे ना माझा!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "त्याचा एक ट्रक उभा राहतो, माझे चार. रात्रपाळीला सहा. मग सिनियॉरिटी कोणाची? शाळेला मी पंखे दिले ते काय हवा खायला?"

पंखे हवा खायलाच असतात, पण हे बोलण्याची वेळ नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "शेठ, कथा लहान आहे."

"मग मोठी करा!"

कथा मोठी झाली. म्हणजे समिती झाली. खलपात्र समिती: अध्यक्ष चांगदेवशेठ, कार्याध्यक्ष भावेशशेठ. मग कळलं की समितीत महिला नाही. म्हणून महिला मंडळाच्या जानकीबाईंना महिला सहखलपात्र करण्यात आलं. त्यांचा एकही ट्रक नव्हता, त्यांना खंत वाटू नये म्हणून भावेशशेठनी आपल्यातला एक त्यांच्या नावे केला, फक्त कथेपुरता. खजिनदारही नेमला. दुष्टपणाला खजिनदार कशाला, असं मी विचारलं, तर सगळे माझ्याकडे इतक्या आश्चर्याने बघायला लागले की मीच लाजले.

मिथुन सर मात्र खुशीत होते. "विनिता, बाकीच्यांकडे एकेकच खलपात्र आहे. तुझ्याकडे आख्खी कार्यकारिणी!"

खरी अडचण पहिल्या बैठकीत आली. समितीने कथा वाचायला मागितली. आतापर्यंत ती कोणीच वाचली नव्हती, निशा मॅडम सोडल्या तर. त्या तर पदावरही नव्हत्या.

"हे काय?" जानकीबाईंनी चष्मा लावला. "'ट्रकवाल्यांनी काकीच्या विनवणीकडे दुर्लक्ष केले.' समितीने दुर्लक्ष केलं? पदाधिकारी असं करतात का? पदाची काही शान आहे की नाही?"

"पण बाई, ते खलपात्र आहेत."

"आहेत ना. म्हणून तर जास्त जपायला हवं."

'दुर्लक्ष केले' काढून 'नोंद घेतली' घातलं. पुढच्या बैठकीत 'ट्रक उभा केला' याऐवजी 'ट्रक सेवेत रुजू होता' आलं. त्यानंतर चांगदेवशेठ तिसऱ्या परिच्छेदात वह्या वाटायला लागले. ते पाहून भावेशशेठनी चौथ्यात आरोग्य शिबिर घेतलं, मोफत, चष्म्यांसह. जानकीबाईंनी पाचव्यात हळदीकुंकू ठेवलं. माझ्या कथेत आता इतकी चांगली खलपात्रं झाली होती, की वाचून आमच्या तुळजाला रडू आलं. "असे लोक आपल्याकडे का नसतात गं?" ती म्हणाली.

फक्त ट्रक तिथेच होता. काढायला कोणी तयार नव्हतं, कारण जो काढेल त्यानेच तो लावला होता असं झालं असतं.

मिथुन सरांनी हस्तलिखित वाचलं आणि कपाळ पुसलं. "छान. पण संघर्ष कुठाय? कोणाला तरी काहीतरी हवं, आणि कोणीतरी मिळू देत नाही. यात कोण कोणाला काय मिळू देत नाही?"

भावेशशेठ हळूच म्हणाले, "सर, सूत्र पुन्हा सांगा."

सरांनी सांगितलं.

"मग सोपं आहे की. ट्रकला जागा हवी. ती कोण मिळू देत नाही?"

सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मला समजायला जरा वेळ लागला, कारण मी हुशार आहे आणि हुशार माणसाला असलं पटकन सुचत नाही.

"काकी?"

"बग!" चांगदेवशेठ खूश झाले. "दार बांधलंन, ते बरोबर ट्रकच्या समोर. आता ट्रकने जायचं कुठं?"

"शेठ, दार तुमच्या गोदामाच्या आधीचं आहे!"

"म्हंजे कट जुना हाय," शेठ म्हणाले.

मिथुन सरांनी ठरावावर सही केली. सूत्राप्रमाणे ते बरोबर होतं. खलपात्र म्हणून श्रीमती पार्वतीबाई यांना सामावून घ्यावं, आणि आधीच्या समितीने मार्गदर्शक मंडळ म्हणून काम पाहावं.

मी तशीच दप्तरासकट रिक्षा पकडून कोनला गेले. काकी दारातून आडवी बाहेर आली, आधी वालाचं टोपलं, मग ती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती आधी हसली, पोट धरून, मग ट्रकच्या बंपरवर हात टेकून हसली.

"मना पद?" ती म्हणाली. "पद घेऊन ठेवू कुटं? दार तर उघडत न्हाय!"

"काकी, मी कथा मागे घेते."

तिचं हसू थांबलं. "मागं घेतेस? आनि ट्रक कोन मागं घेल?" तिने टोपलं खाली ठेवलं. "पोरी, मना गोष्टीत देवी नको करू, डाकीन पन नको करू. फकस्त इचार. माइकवर इचार, ह्यो ट्रक कोनाचा. येकदा मोठ्यानं."

मी घरी आले आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं संपादन केलं. काकीला खलपात्र करणारं पान फाडलं. आता कथेत खलपात्राची जागा रिकामी राहिली. तशीच राहू दिली.

स्नेहसंमेलनाला मंडप चांगदेवशेठचा, पंखे भावेशशेठचे, हळदीकुंकू जानकीबाईंचं. मार्गदर्शक मंडळ स्टेजवर हार घालून बसलं होतं. काकी पहिल्या रांगेत, मोरपंखी साडीत. माझा आवाज कडक निघाला. मी वह्या वाचल्या, शिबिर वाचलं, चष्मे वाचले. दर परिच्छेदाला टाळ्या. मग मी थांबले.

"सगळे चांगलेच होते," मी वाचलं. "मग काकीच्या दारात ट्रक कोणी लावला? स्टेजवरचे म्हणतात, आम्ही नाही. पण त्या रस्त्याने रोज शेकडो माणसं जातात. ट्रक बघतात, दार बघतात, काकीला आडवी निघताना बघतात. बाइक जरा तिरकी करून पुढे जातात. ट्रक रोज तिथे उभा राहू शकतो, तो त्यांच्या भरवशावर." मी बोट समोर केलं. मंडपभर फिरवलं. "या कथेचं खलपात्र इथे बसलंय."

आख्ख्या मंडपाने मागे वळून बघितलं.

पहिल्या रांगेने दुसरीकडे, दुसरीने तिसरीकडे. शेवटच्या रांगेच्या मागे कापडी पडदा होता. त्यांनी तो उचलून पलीकडे बघितलं. तिथे आचारी पुलाव ढवळत होता. तो घाबरून उभा राहिला. सगळ्या मंडपात माझ्याकडे बघणारी एकटी काकी होती.

मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, 'सामाजिक आशय प्रखर असून कोणाच्याही भावना दुखावलेल्या नाहीत.' उतरताना लोकांनी माझा हात धरून धरून सांगितलं, "बरं झोडपलंस त्यांना!" काकी आणि मी रिक्षाने कोनला गेलो. रिक्षावाल्याने ट्रकच्या बाजूने रिक्षा जरा तिरकी काढली आणि म्हणाला, "मॅडम, बहुत अच्छा बोला आपने. ऐसे लोगों को शरम आनी चाहिए." काकी आडवी होऊन घरात गेली.

आता तुम्ही. तुम्ही इथवर वाचलंत, हसलात, मान डोलावलीत, आणि वाचताना तुम्हाला अगदी असाच एक माणूस आठवला, हो ना? त्याला ही कथा पाठवायची तसदी घेऊ नका. या पदासाठी तुमचं नाव मला त्यानेच सुचवलंय.